ब्रेक कुणी दाबला

मास्तरांच्या गाडीत ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटसमोर, मास्तरांच्या पायाखाली. दोन्ही आतून एका दांडीने जोडलेले आहेत, त्यामुळे एक दाबला की दुसराही खाली जातो. पहिल्याच धड्याला, मी काही न करता माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं, तेव्हा दचकून मी पाय वर घेतला.

"पाय कुठे चालला?" मास्तर म्हणाले. "ठेवा तिथेच. मी आहे."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "घाबरू नका बाई. गाडी मी चालवतोय. तुम्ही फक्त चाक धरलंय."

हे वाक्य ते गेली एकतीस वर्षं प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगत आले आहेत. घाबरलेल्याला त्याने धीर येतो आणि जो घाबरत नाही त्याची जिरते. मी एकोणसत्तराव्या वर्षी शिकायला गेले होते. माझे पती गेल्यापासून गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी होती आणि मुलं म्हणत होती की विकून टाक. मला त्या वाक्याने धीरही आला आणि थोडी जिरलीही.

मास्तर त्रेसष्ट वर्षांचे. बुटके, गोल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, त्याला रोज इस्त्री. गाडीत बसले की आधी पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवतात आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवतात. "चपलेला कळत नाही, पायाला कळतं," असं त्यांचं म्हणणं. तो पाय इतका मुरलेला आहे की गाडीबाहेरही स्वस्थ बसत नाही. बसमध्ये वळण आलं की मास्तर बसची फळी दाबतात. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा कानाजवळ आला की खालचा पायठेवा दाबतात. हे मला न्हाव्यानेच सांगितलं नसलं तरी मास्तरीणबाईंनी सांगितलं, आणि त्या मास्तरांबद्दल कधी वाढवून सांगत नाहीत, कारण वाढवायची गरजच पडत नाही.

गाडी शिकवण्याची शाळा म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा भिंतभर तक्ता, कापून आतली चाकं दाखवणारा एक जुना गिअरबॉक्स, आणि वेळापत्रकाचं जाड रजिस्टर. टेबलाशी मास्तरीणबाई. कोणाचा धडा कधी, कोण आजारी, कोणाची वेळ बदलली, हे सगळं त्या पेन्सिलीने लिहितात आणि खोडतात. गाडी एकच आणि मास्तरही एकच. गावातले निम्मे चालक त्यांच्या हाताखालून गेले आहेत. खरं म्हणजे पायाखालून.

त्यातल्या प्रत्येकाला मास्तरांनी त्याच्या दोषावरून नाव दिलेलं आहे. 'क्लच' नावाचे एक दंतवैद्य आहेत. 'हॉर्न' या बालवाडीच्या मुख्याध्यापिका. मी 'इंडिकेटर', कारण वळून झाल्यावरही माझा दिवा लुकलुकत राहायचा. "बाई, अजून वळताय? घरी जाऊन वळणार?" असं विचारायचे.

आता फोनचं. मास्तर इतर कुठल्याही चुकीला हसत, पण फोनच्या बाबतीत ते फार कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा फोन मागून घेतला, बंद केला आणि मागच्या सीटवर टाकला. मग नियमांचं पुस्तक काढून ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. इंजिन चालू असताना फोन हातात असला की गुन्हा. कानाला लावला तरी गुन्हा, नुसता बघितला तरी गुन्हा, आणि सिग्नलला थांबून बघितला तरीही गुन्हाच.

"थांबलेल्या गाडीतसुद्धा?" मी विचारलं.

"गाडी थांबली म्हणून रस्ता थांबतो का?" मास्तर म्हणाले.

आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, कानाला लावला आणि म्हणाले, "हं, बोला ऑफिस."

ऑफिस म्हणजे मास्तरीणबाई. धंद्याच्या वेळेत ते बायकोला ऑफिस म्हणतात आणि "अहोजाहो" करतात. दुपारी जेवायला घरी आले की पुन्हा "अगं". ऑफिसकडून तासाला दोनतीनदा फोन येणारच, कारण वेळा बदलतच असतात. बोलणं झाल्यावर मी फोनकडे नुसतं बघितलं. मास्तरांना ते कळलं.

"मी कुठे गाडी चालवतोय?" ते म्हणाले. "चाक तुमच्या हातात आहे."

म्हणजे मास्तर गाडी चालवत असत आणि फोन वाजला की चालवत नसत. तिसऱ्या धड्यापर्यंत ही गोष्ट माझ्या नीट लक्षात आली होती. पण शिकवणाऱ्याला उलटं बोलायची सवय मला शाळेत लागली नाही आणि पुढेही लागली नाही.

माझा एकोणिसावा धडा मंगळवारी होता. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही लाकडी सामानाच्या दुकानांच्या रस्त्याने चाललो होतो, पुढे पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे होते. फोन वाजला.

"हं, बोला ऑफिस... कोण? शिंपी? साडेअकराला येतो म्हणाला? येऊ दे. आणि बाराचा?... वरच्या खणात बघा. अहो, वरच्या. पेन्सिलीला टोक करायचं ते मी कशाला घेऊ? वरच्या खणात मागे, दोऱ्याच्या रिळाच्या मागे."

त्याच वेळी समोर एक दार रस्ता ओलांडायला लागलं.

नवं कोरं, पॉलिश न केलेलं दार, त्याला खाली दोन पाय. कोणी सुतार ते आडवं पाठीवर घेऊन निघाला होता आणि आमची बाजू त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मी ब्रेक दाबला. गाडी एक धक्का देऊन पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. दार आणि आमच्यामध्ये दोन हात अंतर असेल. दाराला काहीच पत्ता नव्हता. ते शांतपणे पलीकडे गेलं आणि दुकानात शिरलं.

"मी आहे, मी आहे," मास्तर म्हणाले. हे मला होतं की ऑफिसला ते कळलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत बाई? अशा वेळी पाय तयार लागतो."

मास्तर ब्रेक दाबतात तेव्हा माझं पेडल पायापासून सुटून आपणहून खाली जातं, त्याला वजनच नसतं. एकोणीस धड्यांत मला ते चांगलं ओळखता येत होतं. या वेळी पेडल जड लागलं होतं. पण खोटं बोलू नये हे आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं, तसं विचारल्याशिवाय बोलू नये हेही त्यांनीच शिकवलं.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

पट्ट्यांच्या कडेला वाहतूक शाखेची एक तरुण शिपाई उभी होती. ती मास्तरांच्या बाजूच्या खिडकीशी आली. मास्तरांचा चेहरा खुलला.

"अगं रिव्हर्स! इथे ड्युटी लागली होय? बाई, ही आपली रिव्हर्स. मागे जाताना तीनदा माझा आंबा... म्हणजे अंगणातलं झाड तिने ठोकलंय."

"मास्तर, मी ड्युटीवर आहे," ती म्हणाली.

"ते दिसतंयच की. टोपी छान बसते."

"मास्तर, तुमच्या हातात फोन आहे."

मास्तरांनी हाताकडे बघितलं. फोन अजून कानाशीच होता आणि त्यातून ऑफिस म्हणत होतं, "मिळालं हो, मिळालं! रिळाच्या मागेच होतं!"

"हा होय? हे ऑफिस आहे," मास्तर म्हणाले. "आणि मी कुठे गाडी चालवतोय? चाक तर बाईंच्या हातात आहे."

"मास्तर, तुम्हीच तर सांगायचात, गाडी तुम्ही चालवता, आम्ही फक्त चाक धरतो."

मास्तरांनी फोन कानावरून काढून मांडीवर ठेवला. एकतीस वर्षांत त्यांना त्यांचं वाक्य कोणी परत केलं नव्हतं.

"ते शिकवण्यापुरतं असतं गं," ते शेवटी म्हणाले.

"नियमात पण तसंच आहे," तिने पुस्तिका काढली. "शिकाऊ चालकाच्या शेजारी बसलेला प्रशिक्षक हा चालकच समजला जाईल. मास्तर, हे पान तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. दोनदा."

साध्या चालकाचं प्रकरण तिथल्या तिथे दंडावर मिटतं. प्रशिक्षकाचं तसं नसतं. त्याच्या शिकवण्याच्या परवान्यावर सुनावणी होते. पुढच्या सोमवारी साडेअकराला वाहन खात्याच्या कचेरीत हजर राहायचं, असा कागद तिने मास्तरांच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "आजी, गाडी छान थांबवलीत."

"थांबवली मी!" मास्तर म्हणाले.

त्या आठवड्यात मास्तर इतरांचे धडे घेतच होते, पण प्रत्येक धड्याला दाराची गोष्ट सांगत होते. रिव्हर्सने आपल्यावर कागद फाडावा याचं त्यांना वाईट वाटत होतं; ते वाईट वाटणं दाराच्या गोष्टीत भरून निघत होतं. बोलता बोलता आपला पाय कसा आपोआप खाली गेला, डोळ्यांना दार दिसायच्या आधी पायाला कसं कळलं. मंगळवारी दार दोन हातांवर होतं. गुरुवारी शिंपी मला म्हणाला की वीतभर. रविवारपर्यंत ते बंपरला टेकलं होतं आणि सुताराने मास्तरांना हात जोडले होते.

रविवारी संध्याकाळी मास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मला साक्षीला यायचं होतं. पुढच्या खोलीत मास्तरांचा मेहुणा आला होता. तो एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखन करतो, आणि वीस वर्षं दुसऱ्याचे युक्तिवाद टाईप करून आता त्याचेही युक्तिवाद तसेच परिच्छेद पाडून निघतात.

"भाऊजी, सोपं आहे," तो म्हणाला. "एकच मुद्दा धरायचा. गाडी मी चालवतच नव्हतो. चाक यांच्या हातात, गिअर यांच्या हातात. खरं की नाही बाई?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"झालं तर! आणि ब्रेकही यांनीच दाबला."

"ब्रेक माझा," मास्तर म्हणाले.

"अहो भाऊजी, समजून घ्या. ब्रेक तुमचा म्हटलं की तुम्ही चालक झालात. ब्रेक यांना देऊन टाका."

"माझा ब्रेक मी देऊन टाकू? गावभर सांगितलंय मी!"

"ते कोणी सांगितलं होतं सांगायला?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आपण थोडं खोटं बोलतोय असं समजा," मेहुणा म्हणाला. "परवाना वाचवण्यापुरतं."

मला तिथे जरा बसायला अवघड वाटू लागलं. मेहुणा ज्याला खोटं समजून सांगत होता ते खरं होतं, आणि मास्तर जे खरं म्हणून धरून बसले होते ते खोटं होतं. मला मात्र अजून कोणीच विचारलं नव्हतं. सगळे माझ्या वतीने बोलत होते.

मास्तर रागावून गाडी पुसायला बाहेर गेले, तेव्हा मास्तरीणबाई रजिस्टर मिटून माझ्याजवळ आल्या.

"बाई, साठीनंतर नवा परवाना देत नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "हा गेला की गेलाच. मग हा माणूस काय करेल? यांना दुसरं काही येत नाही. घरात साधा खिळा ठोकायचा तर मला ठोकावा लागतो. आणि घरी बसले तर माझ्या शेजारी बसणार ना! दिवसभर!"

त्या हसल्या, पण हातातल्या पेन्सिलीचं टोक त्यांनी टेबलावर दाबून मोडलं होतं.

सोमवारी साडेअकराला आम्ही कचेरीत पोचलो. लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, एक लाकडी बाक. अधिकारी तिशीचे, चष्मा लावणारे, नुकतेच बदलून आलेले. मास्तरांनी सवयीने त्यांच्याकडे बघितलं, आपल्याकडचा आहे का. नव्हता. गावातल्या एवढ्या लोकांना शिकवलं आणि नेमका हाच कुठून तरी बाहेरून शिकून आला होता. रिव्हर्स टोपी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसली होती. मास्तर तिच्याकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये मास्तरीणबाई, मी आणि मेहुणा.

अधिकाऱ्यांनी आधी तिला विचारलं. ती उभी राहून सरळ बोलली. वार, वेळ, पट्टे, दार, कानाला लावलेला फोन.

"आणखी काही?"

तिने मास्तरांकडे एकदा बघितलं. "गुडघा, सर."

"कसला गुडघा?"

"मास्तरांचा, सर. गाडी येताना खिडकीत गुडघा दिसत होता. पाय सीटवर घेतला होता त्यांनी. ब्रेकवरचा पाय. म्हणून मी बघत राहिले, नाहीतर फोन माझ्या लक्षातही आला नसता."

"छट्!" मास्तर म्हणाले. "मी कधी गाडीत पाय वर घेत नाही."

"अगंबाई, म्हणजे गाडीतसुद्धा?" मास्तरीणबाई ताडकन म्हणाल्या, आणि मग अधिकाऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "अहो साहेब, घरी असंच करतात. फोन कानाला लागला की यांचा पाय वर. खुर्ची असो, पलंग असो. मी तीस वर्षं सांगतेय, चादर मळते."

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

मास्तर आपल्या गुडघ्याकडे बघायला लागले. तो मुकाट्याने बाकाच्या कडेला वाकून बसला होता. बराच वेळ बघून त्यांनी मान वर केली आणि अधिकाऱ्यांना नाही, मला विचारलं.

"बाई, त्या दिवशी पेडल कसं लागलं होतं?"

अखेर मला कोणी तरी विचारलं होतं.

"जड," मी म्हणाले.

"म्हणजे कितपत जड?"

"तुम्ही दाबता तेव्हा ते आपोआप जातं. त्या दिवशी मला ते दाबावं लागलं."

मास्तरांना पेडलबद्दल जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. एवढा की मला वाटलं, सिस्टरांनी शिकवलेलं एखादं तरी मी विसरले असते तर बरं झालं असतं.

मेहुण्याच्या जिवात मात्र जीव आला. त्याचा मुद्दा साक्षीपुराव्यासह उभा राहिला होता. "साहेब, म्हणजे हेच सिद्ध होतं की—"

"तुम्ही थांबा," अधिकारी म्हणाले. त्यांनी पेन उचललं. "मास्तर, मला एवढंच सांगा. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं?"

"भाऊजी," मेहुणा कुजबुजला, "सांगा. आता तर खरंच आहे."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. मास्तर उभे राहिले, शर्ट खाली ओढला. उभं राहिल्यावर ते बसल्यापेक्षा फारसे उंच दिसत नाहीत.

"साहेब, ब्रेक बाईंनी दाबला," ते म्हणाले. "ते आजच कळलं मला. गावात मी वेगळं सांगितलंय, ते आता जाऊन फिरवावं लागेल. पण गाडी मीच चालवत होतो. शिकणारं माणूस शेजारी असलं की गाडी माझीच असते. मी चालवत होतो आणि वाईट चालवत होतो."

मेहुण्याने मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, एक पान उलटलं आणि ते मास्तरांना न देता मेहुण्याच्या पुढे केलं.

"हे वाचा," ते म्हणाले. "मोठ्याने."

मेहुण्याने वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. प्रशिक्षकाने फोन वापरला, तर परवाना तीस दिवस स्थगित. पण शिकाऊ व्यक्ती गाडी चालवत असताना गाडीवर प्रशिक्षकाचा ताबा नव्हता असं दिसलं, तर परवाना रद्द. कायमचा.

"गाडी मी चालवत नव्हतो असं ते म्हणाले असते," अधिकारी म्हणाले, "तर मला हे दुसरं लावावं लागलं असतं. इथे येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. मी कागदही तसाच तयार ठेवला होता." त्यांनी एक कागद बाजूला सारला आणि दुसरा ओढून त्यावर लिहायला घेतलं. "तीस दिवस. आजपासून."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर मेहुणा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, नियम एकदा नीट बघायला हवा," आणि मास्तरीणबाईंनी त्याला त्याच्या वकिलांच्या कचेरीत परत जायला सांगितलं. रिव्हर्स टोपी घालून खाली उभी होती. जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं. मास्तर तिच्यापर्यंत गेले.

"फोन लिहायचास, ठीक आहे. गुडघा सांगायलाच हवा होता?"

"दिसला तो, मास्तर."

"हं." मास्तरांनी थोडा विचार केला. "चांगलं बघतेस. मागे जाताना असं बघितलं असतंस तर माझं झाड वाचलं असतं."

ती हसली आणि तिने घाईघाईने डोळे पुसले. मास्तरांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

मग ते माझ्याजवळ आले. "बाई, आठवडाभर तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"ते पण खरंच." ते म्हणाले. "एकोणीस धडे झाले आपले. त्यात त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही एकट्याने गाडी चालवलीत. प्रत्येकाचं तेवढं मी बघतो हो. एक दिवस येतो, माझ्या आधी त्याचा पाय जातो. त्यासाठीच तर बसतो मी तिथे. तुमचंच तेवढं माझं बघायचं राहिलं. रिळाच्या मागे काय आहे ते सांगत होतो."

मी म्हणाले, "पुन्हा दाखवीन," आणि ते म्हणाले, "पुन्हा पहिल्यांदा होत नाही, बाई."

ते तीस दिवस मास्तरीणबाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मला साधारण कळत होतं, कारण एक दिवसाआड त्यांचा फोन येत असे. मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांना शिकवत होते. झाकण एकदम काढू नका, आधी मागे बघा. ताट घेऊन वळताना आधी हात दाखवा. गॅस हळू, हळू, आता थोडा वाढवा. "अहो, मी चाळीस वर्षं चालवतेय हे घर," त्या म्हणाल्या, तर मास्तर म्हणाले, "सवय झाली की माणूस बेफिकीर होतो." हे मात्र ते स्वतःवरून बोलले असावेत, असं मास्तरीणबाई म्हणाल्या, कारण त्यानंतर त्यांनी स्टूल उचलून बाहेर नेलं. न्हाव्याकडेही ते गेले आणि दाराची गोष्ट त्यांनी खरोखरच फिरवली. पण न्हाव्याला जुनीच जास्त आवडली आहे आणि तो तीच सांगतो.

एकतिसाव्या दिवशी परवाना मिळाला आणि त्याच दिवशी माझा विसावा धडा झाला. मास्तरांनी चप्पल काढली, पाय ब्रेकवर ठेवला आणि खिसा उलटा करून दाखवला. फोन घरी ठेवला होता.

"मग वेळा बदलल्या तर?" मी विचारलं.

"आमच्या गल्लीतून घ्या," ते म्हणाले.

त्यांच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीशेजारी, मास्तरीणबाईंनी एक काळा फळा टांगला होता. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आणि फळ्यासमोर नेमकी एका गाडीपुरती जागा. मी नुसती सावकाश जाऊन वाचणार होते. माझ्या पायाखालचं पेडल हलकेच खाली गेलं.

"चालत्या गाडीतून वाचायचं नाही," मास्तर म्हणाले. "फळा काय आणि फोन काय. त्या फटीत घाला गाडी. मागे. अजून मागे. इंडिकेटर बंद. इंजिन बंद. किल्ली बाहेर. हं. आता वाचा."

मी वाचलं. फळ्यावर होतं, 'शिंपी येणार. बाराचा नाही. जेवायला लवकर या.'

तेव्हापासून प्रत्येक धड्यात एकदा, काही वेळा दोनदा, गाडी त्या फटीत घालावी लागते, कारण ऑफिसचं बोलणं दुसरीकडे कुठेच लागत नाही. या गावात आता जे नवे चालक रस्त्यावर येत आहेत त्यांना बाकी काही येवो न येवो, दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावता येते, आणि तीही एका दमात. मागच्या आठवड्यात शिंप्याची परीक्षा झाली. परीक्षकांनी त्याला गाडी कडेला लावायला सांगितली. त्याने ती अशी सफाईने लावली की ते वहीत शेरा लिहायला लागले. लिहून वर बघतात तो शिंप्याने इंजिन बंद केलं होतं, किल्ली काढून हातात धरली होती आणि तो समोरच्या कोऱ्या भिंतीकडे एकटक बघत होता.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही," शिंपी म्हणाला. "काही लिहिलेलं नाही. म्हणजे कोणी वेळ बदललेली नाही. निघायचं का?"